विद्येचा वाटखर्च

एखाद्या शास्त्रज्ञाचे चरित्र उघडावे, तर त्यात त्याचे गुरू सापडतात, ग्रंथ सापडतात, वाद आणि मानसन्मान सापडतात. पण त्याने पहिल्यांदा आपला मुलूख सोडला तेव्हा गाडीभाडे कोणी दिले, हे क्वचितच सापडते. सापडलेच तर एखाद्या ओझरत्या वाक्यात. विद्येचा इतिहास लिहिणाऱ्यांना हा तपशील किरकोळ वाटत आला आहे. वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावी वर्गावर उभे राहणाऱ्या आम्हांला मात्र तो तसा वाटत नाही. विद्वानांच्या सभेत कोण बोलले याचा इतिहास लिहिताना, तेथपर्यंत कोण पोहोचू शकले आणि कोणाच्या बळावर पोहोचले, हेही लिहिले पाहिजे. प्रस्तुत लेखात आम्ही तो प्रयत्न एका शास्त्रापुरता करणार आहोत. ते शास्त्र म्हणजे प्राण्यांचे वर्तन आणि त्यामागची मेंदूची घडण यांचा एकत्र विचार करणारे न्यूरोएथॉलॉजी.

मराठीच्या अध्यापकांनी हे शास्त्र का निवडावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर दर्यापूर तालुक्यातील कपाशीच्या शेतात आहे. भाद्रपद-आश्विनात येथल्या शेतांत काठीला टांगलेले कामगंध सापळे दिसतात. सापळ्यात मादी पतंगाच्या गंधाची कृत्रिम गोळी असते आणि त्या गंधाच्या मागे गुलाबी बोंडअळीचे नर पतंग येऊन अडकतात. हेक्टरी पाच सापळे लावावेत आणि सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडू लागले की उपाययोजनेची वेळ आली असे समजावे, ही शिफारस येथल्या शेतकऱ्यांच्या कानांवरून अनेकदा गेलेली आहे. या साध्या दिसणाऱ्या सापळ्याच्या पोटात मोठे शास्त्र आहे. रेशमाच्या पतंगातील मादीचा गंध कोणत्या रसायनाचा असतो, हे १९५९ मध्ये जर्मनीत बुटेनांट यांनी दाखविले. गुलाबी बोंडअळीच्या गंधाचा उलगडा १९७३ मध्ये झाला. योगायोग असा की, कार्ल फॉन फ्रिश, कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन या प्राणिवर्तनाच्या तीन अभ्यासकांना नोबेल पारितोषिक मिळाले ते त्याच वर्षी.

गंधाचे मोजके कण नराच्या शृंगिकांवर येऊन टेकतात, तेथून संदेश मेंदूत जातो आणि मेंदू पंखांना वाऱ्याच्या उलट दिशेने उडायला लावतो. गंधापासून उड्डाणापर्यंतचा हा प्रवास कसा घडतो, हा न्यूरोएथॉलॉजीचा अगदी मूळ स्वरूपाचा प्रश्न आहे. तो वऱ्हाडाच्या जगण्याशीही बांधलेला आहे. २०१७ च्या हंगामात विदर्भातील कपाशीवर गुलाबी बोंडअळीने धुमाकूळ घातला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. सापळ्यातील पतंग मोजून फवारणीचा निर्णय घेतला, तर अनाठायी फवारणी टळू शकते. म्हणजे पतंगाच्या मेंदूविषयीचे ज्ञान ही आमच्या भागात चैनीची वस्तू नव्हे. तरीही या शास्त्राच्या जागतिक परिषदांतून कपाशीच्या मुलखातील तरुण संशोधकाचा आवाज फारसा ऐकू येत नाही. तो का येत नाही, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१

या शास्त्राचा जन्मच मुळी भेटीगाठींतून झाला आहे. लोरेन्झ आणि टिनबर्गन यांची पहिली भेट १९३६ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे एका छोट्या परिसंवादात झाली. दुसऱ्याच वर्षी टिनबर्गन काही महिने ऑस्ट्रियातील आल्टेनबर्ग येथे लोरेन्झ यांच्याकडे जाऊन राहिले. घरंगळलेले अंडे हंसी चोचीने घरट्यात कशी परत ओढते, यावरचा त्यांचा प्रसिद्ध अभ्यास त्या मुक्कामातला. पुढे महायुद्ध आले. टिनबर्गन नाझींच्या ओलिसांच्या छावणीत राहिले, तर जर्मन सैन्यात गेलेले लोरेन्झ रशियनांच्या कैदेत पडले आणि १९४८ मध्ये परतले. शत्रुपक्षांत विभागले गेलेले हे दोन मित्र पुन्हा समोरासमोर आले ते १९४९ मध्ये केंब्रिज येथे. निमित्त होते प्राण्यांच्या वर्तनामागील शारीरिक यंत्रणांवरील परिसंवादाचे. केवळ पत्रांनी आणि निबंधांनी हे घडले असते, असे आम्हांला वाटत नाही. छापलेल्या निबंधात निष्कर्ष येतो. त्याच्या आधीची चाचपड, फसलेले प्रयोग आणि मनातली शंका ही प्रत्यक्ष भेटीतच बाहेर पडतात. नव्याने या वाटेला लागलेल्या माणसाला तर निष्कर्षांहून त्या चाचपडीचीच अधिक गरज असते.

आपल्याकडे मात्र अशा भेटीसाठी समुद्र ओलांडावा लागे, आणि त्याला पैसा लागे. तो कोठून येई, हे पाहिले की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील महाराष्ट्राचे एक वेगळेच चित्र दिसू लागते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. या पैशाचे फळ काय, असे विचारणाऱ्याने ९ मे १९१६ हा दिवस आठवावा. त्या दिवशी मानववंशशास्त्राचे अध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचविशीतल्या आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेच्या उगमाविषयी आपला निबंध वाचला. आजच्या परिभाषेत बोलायचे, तर तो एका नवसंशोधकाचा परिषदेतील निबंध होता. पुढच्याच वर्षी तो छापून आला आणि आज शतकानंतरही तो वाचला जातो. पण शिष्यवृत्तीची मुदत संपताच १९१७ मध्ये त्यांना लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले, हेही त्याच कथेत आहे. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले तेव्हा गाठीला स्वतःची बचत होती, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य होते आणि नवल भथेना या पारशी मित्राने उसने दिलेले पाच हजार रुपये होते. एका असामान्य बुद्धीच्या माणसालाही असे तीन ठिकाणांहून पैसे गोळा करावे लागले.

त्याच १९२० मध्ये अमरावती जिल्ह्यातील पापळ गावचा एक तरुण इंग्लंडला निघाला. पंजाबराव देशमुखांच्या मागे संस्थानिक नव्हता. वडील शामराव यांनी घरच्या शेतीवर कर्ज काढले आणि मुलाला बोटीत बसविले. तिकडे गेल्यावर त्यांना एडिंबरा विद्यापीठाची संस्कृतसाठीची शिष्यवृत्ती मिळाली, ते बॅरिस्टर झाले, आणि वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावरील त्यांचा प्रबंध १९३३ मध्ये ऑक्सफर्डने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. वऱ्हाडात ही कथा अभिमानाने सांगितली जाते आणि तो अभिमान योग्यच आहे. तथापि तिची दुसरी बाजू आम्हांला अधिक बोलकी वाटते. शेत गहाण ठेवून विद्या मिळवावी लागली, हे पंजाबराव विसरले नाहीत. परतल्यावर त्यांनी अमरावतीत सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले. १९३० च्या दशकाच्या आरंभी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. दर्यापूरचे जे. डी. पाटील सांगळूदकर महाविद्यालय हे त्याच संस्थेच्या वृक्षाची एक फांदी आहे. एका बापाने केलेला त्याग हजार बापांना करावा लागू नये, म्हणून संस्था उभारायची असते. पंजाबरावांनी ती उभारली.

राजाश्रय, गहाणखत आणि मित्राची उसनवारी: त्या काळातील विद्येचा वाटखर्च या तीन मार्गांनी येत होता. चौथा मार्ग जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये काढला होता. परदेशी उच्च शिक्षण घेऊ पाहणाऱ्यांना त्यांनी स्थापन केलेला निधी कर्ज देई. त्याच्या पहिल्या लाभार्थींमध्ये वैद्यक शिकणाऱ्या स्त्रिया होत्या, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने विशेष म्हणावी लागेल. परंतु हेही कर्जच होते. ते फेडण्याची हिंमत ज्याच्या घरात आहे, त्यालाच ते घेता येई.

२

प्राणिवर्तनाच्या अभ्यासाकडे वळायचे, तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचेच एक उदाहरण समोर येते. सलीम अली १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये निसर्गविभागाचे मार्गदर्शक-व्याख्याते म्हणून लागले. पक्ष्यांविषयी विलक्षण ज्ञान होते, पण विद्यापीठाची पदवी नव्हती आणि शास्त्रीय शिस्तही अजून अंगी बाणलेली नव्हती. १९२८ मध्ये अभ्यासरजा घेऊन ते बर्लिनला एर्विन स्ट्रेसेमान यांच्याकडे गेले. तेथे त्यांना बर्नहार्ड रेन्श भेटले, तरुण एर्न्स्ट मायर भेटले. लोरेन्झ ज्यांना गुरुस्थानी मानीत ते ओस्कार हाइनरोथही भेटले. हेल्गोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे तंत्र त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. ज्या वर्तुळातून पुढे प्राणिवर्तनशास्त्र आकाराला आले, त्याच्या उंबरठ्यावर मुंबईचा एक माणूस वेळेवर जाऊन उभा राहिला होता.

परतल्यावर काय झाले, तेही सांगितले पाहिजे. १९३० मध्ये ते मुंबईत आले, तेव्हा पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झाली होती. नोकरी नसलेले सलीम अली पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले आणि तेथे सुगरण पक्ष्याच्या वसाहतीचे निरीक्षण करू लागले. नर घरटे अर्धवट विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर तेथे नांदते, आणि मग नर दुसरे घरटे विणून दुसऱ्या मादीची वाट पाहतो, हा क्रम त्यांनी उलगडला. सुगरणीचा खोपा मराठी मनाला कवितेमुळे ओळखीचा. त्याच्या विणकरामागचे वर्तन शास्त्राच्या भाषेत मांडले गेले ते किहीमला, आणि ते मांडणाऱ्या डोळ्यांना शिस्त लावली होती बर्लिनने. प्रवासाने त्यांना पक्षी दिला नाही. पक्षी घरचाच होता. त्याच्याकडे पाहताना कोणते प्रश्न विचारायचे, हे मात्र प्रवासाने दिले. नवसंशोधकाला परिषदेला पाठविण्याच्या बाजूने याहून सबळ युक्तिवाद आम्हांला सुचत नाही.

३

स्वातंत्र्यानंतर आणखी एक विचार पुढे आला: विद्यार्थ्याला सभेकडे नेता येत नसेल, तर सभाच त्याच्याकडे आणावी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हा विचार ज्यांनी मनावर घेतला, त्यांत ओबेद सिद्दिकी अग्रणी होते. १९६२ मध्ये होमी भाभांनी त्यांना तेथे जीवशास्त्राचा विभाग उभारण्यासाठी बोलाविले. पुढे सिद्दिकी चिलटाच्या जातीच्या ड्रोसोफिला या फळमाशीकडे वळले. अमेरिकेत सेमूर बेन्झर यांच्यासोबत त्यांनी ऊब वाढताच लुळ्या पडणाऱ्या माश्यांचा अभ्यास केला. नंतर मुंबईत त्यांनी माशीची चव आणि तिचा गंध यांचे प्रश्न हाती घेतले. १९७५ पासून महाबळेश्वरला आधुनिक जीवशास्त्रावरील चर्चासत्रे भरू लागली. नामवंत शास्त्रज्ञ आणि विद्यार्थिदशेतील संशोधक यांनी काही दिवस एकाच छताखाली राहावे, औपचारिकतेचे अवडंबर न माजविता बोलावे, हा त्यामागचा हेतू होता. थंड हवेच्या ठिकाणी साहेबांनी उन्हाळा काढावा, ही जुनी रीत. तेथे विद्यार्थ्याने जेवणाच्या पंक्तीत जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाला प्रश्न विचारावा, ही नवी रीत तेथे पडली.

आणि मग १९७९ चा डिसेंबर आला. १९ ते २२ या चार दिवसांत मुंबईच्या याच संस्थेत ड्रोसोफिलाची वाढ आणि वर्तन या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मेंदू आणि वर्तन यांना एकत्र बांधणारी एवढी मोलाची परिषद मुंबईत भरावी, याचे अप्रूप आजही वाटते. तिच्यातील निबंधांचा ग्रंथ १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या चार संपादकांत सिद्दिकींबरोबर जेफ्री हॉल यांचे नाव आहे. शरीरातील दिवस-रात्रीच्या घड्याळाच्या शोधासाठी २०१७ चे नोबेल मिळालेल्या तिघांपैकी ते एक. त्याच ग्रंथात माशीच्या गंधविषयक वर्तनावरचा एक निबंध आहे. त्याच्या लेखिका व्हेरोनिका रॉड्रिग्ज तेव्हा पीएच.डी.च्या विद्यार्थिनी होत्या.

व्हेरोनिका यांची वाट पाहण्यासारखी आहे. १९५३ मध्ये केनियात गोव्याच्या कुटुंबात त्या जन्मल्या. पूर्व आफ्रिकेतील उलथापालथीनंतर त्यांनी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिक्षण पूर्ण केले. तेथे सिद्दिकींचे लेखन वाचून त्यांनी पत्र लिहिले आणि सत्तरच्या दशकात त्या मुंबईला आल्या. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या नळीत माश्या सोडायच्या, एका फाट्यात गंध ठेवायचा, आणि माश्या कोणीकडे वळतात ते मोजायचे, असे त्यांच्या प्रयोगाचे साधे रूप होते. वळायला हवे तेथे न वळणाऱ्या माश्या वेगळ्या काढून त्यांनी गंधज्ञानातील दोष कोणत्या जनुकांशी जोडलेले आहेत, याचा शोध घेतला. १९८१ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे जर्मनीतील ट्युबिंगेन येथे काम करून त्या भारतात परतल्या, मुंबईत आणि नंतर बंगळुरूत त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडविल्या. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले. गंध मेंदूत कोठे आणि कसा नोंदला जातो, या प्रश्नावर त्यांनी आयुष्य घातले. आमच्या शेतातील सापळ्यात अडकणाऱ्या पतंगाचाही प्रश्न तोच आहे.

१९७९ च्या त्या परिषदेत एका विद्यार्थिनीचा निबंध जगभरच्या ज्येष्ठांच्या निबंधांच्या रांगेत बसला, कारण परिषद तिच्या प्रयोगशाळेच्या दारी आली होती. दारी आलेल्या परिषदेचे हे सामर्थ्य १९९९ मध्ये बंगळुरूतही दिसले. प्राणिवर्तनशास्त्राची सव्विसावी आंतरराष्ट्रीय परिषद त्या वर्षी तेथे भरली. पण मुंबई काय किंवा बंगळुरू काय, परिषदा महानगरांच्या आणि मोठ्या संस्थांच्याच दारी जातात. दर्यापूरच्या दारी त्या येणार नाहीत. येथल्या विद्यार्थ्याला वाट चालावीच लागेल, आणि म्हणून वाटखर्चाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

४

न्यूरोएथॉलॉजीची आंतरराष्ट्रीय संघटना १९८१ मध्ये स्थापन झाली आणि तिची पहिली परिषद १९८६ मध्ये तोक्योला भरली. विद्यार्थ्यांना परिषदेला येण्यासाठी ही संघटना जे साहाय्य देते, त्याला वॉल्टर हायलिगेनबर्ग यांचे नाव आहे. त्या नावामागची कथा मन हेलावून टाकते. हायलिगेनबर्ग हे लोरेन्झ यांच्या परंपरेतील जर्मन शास्त्रज्ञ, पुढे कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले. विजेचे मंद स्पंदन सोडून अंधाऱ्या पाण्यात वाट शोधणारे मासे हा त्यांचा विषय. दोन माशांची स्पंदने एकमेकांत मिसळू लागली की ते आपापला सूर थोडा बदलून घेतात. हे माशाचा मेंदू कसे ठरवितो, त्याचा मार्ग त्यांनी जवळजवळ पेशीगणिक उलगडून दाखविला. ८ सप्टेंबर १९९४ रोजी एका विद्यापीठात व्याख्यान देण्यासाठी निघालेले हायलिगेनबर्ग पिट्सबर्गजवळच्या विमान अपघातात मृत्यू पावले. विद्येसाठी निघालेला एक प्रवासी वाटेतच संपला, आणि त्याच्या नावाने इतरांच्या वाटा सुकर केल्या गेल्या. स्मारकाची याहून उचित कल्पना क्वचितच आढळेल.

आपल्या देशातही साहाय्य नाही असे नाही. परदेशी परिषदांत निबंध वाचणाऱ्यांना केंद्र सरकारच्या विज्ञानविषयक यंत्रणांनी अनेक वर्षे प्रवास-अनुदान दिले आहे. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांमुळे, ज्या घरांत पूर्वी कोणी पदवीधरही नव्हता, त्या घरांतील मुले-मुली आज पीएच.डी. करीत आहेत. हा बदल मोठा आहे आणि तो आम्ही रोज पाहतो. अडचण आहे ती पैसा हातात पडण्याच्या वेळेत. पुष्कळशा योजनांत खर्च आधी स्वतः करायचा असतो. विमानाचे तिकीट, डॉलर किंवा युरोमधील नोंदणी शुल्क, व्हिसा, त्यासाठी मुंबईची खेप, विमा, राहण्याची सोय हे सारे आधी. मग परत आल्यावर पावत्या आणि बोर्डिंग पास जोडून अर्ज करायचा, आणि मंजुरी यथावकाश. ज्याच्या खात्यात लाख-दीड लाख रुपये काही महिने अडकून पडले तरी चालते, त्याच्यासाठी ही योजना आहे. कोरडवाहू शेती असलेल्या घरातील संशोधकाला ती कागदावर मिळते आणि व्यवहारात मिळत नाही. त्याने सावकाराकडे जायचे ठरविले, तर १९२० सालच्या पापळात आणि आजच्या दर्यापुरात फरक तो काय राहिला?

येथे आम्हांला वऱ्हाडाच्याच एका सत्पुरुषाची आठवण होते. गाडगेबाबांचा जन्म १८७६ मध्ये अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावचा, म्हणजे दर्यापूरच्या शेजारचा. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. मुंबईत उपचारांसाठी आलेल्या रुग्णांच्या नातलगांचीही सोय पाहिली. स्वतःसाठी मात्र त्यांनी काही बांधले नाही. धर्मशाळेचे मर्म असे की, थकलेल्या वाटसरूला आधी आसरा मिळतो, त्याची ऐपत तपासली जात नाही, आणि आधी पैसे भर, मग परत मागून घे, असे त्याला कोणी सांगत नाही. प्रवास-अनुदानाचे नियम लिहिणाऱ्यांनी या धर्मशाळांकडे पाहावे, असे आम्ही पूर्ण गांभीर्याने सुचवितो. अनुदानाचा मोठा भाग आगाऊ मिळावा. तिकीट आणि नोंदणी संस्थेनेच परस्पर करून द्यावी. पूर्वी कधीही परिषदेला न गेलेल्याला अग्रक्रम असावा. गोषवारा कसा लिहावा, पोस्टर कसे मांडावे, परक्या माणसाशी आपल्या कामाविषयी पाच मिनिटांत कसे बोलावे, हे शिकविणारे कोणी त्याच्या सोबतीला असावे. तालुक्याच्या महाविद्यालयातील मुलाला बुद्धी कमी नसते. ही रीतभात त्याच्या घरात आणि गावात कोणी पाहिलेली नसते, एवढेच.

५

याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, आता घरबसल्या पडद्यावर परिषद ऐकता येते, मग विमानाचा खर्च आणि धूर कशाला? महामारीमुळे न्यूरोएथॉलॉजीची २०२० ची लिस्बन येथील परिषद पुढे ढकलावी लागली आणि ती २०२२ मध्ये भरली. दरम्यानच्या काळात पडद्यावरच्या सभांनी अनेकांना दारे उघडली, हे खरेच आहे. दूरच्या गावातील विद्यार्थ्याला व्याख्याने ऐकायला मिळाली, ही कमाई सोडून देऊ नये. परंतु ऐकायला मिळणे आणि ऐकले जाणे यांत अंतर आहे. पडद्यावर व्याख्यान संपले की चौकट बंद होते. लायडनमध्ये, बर्लिनमध्ये, महाबळेश्वरला जे घडले, ते व्याख्यान संपल्यानंतर घडले. ज्येष्ठांच्या एकमेकांशी जुन्या ओळखी असतात, त्यांना पडदा पुरतो. ज्याला कोणीच ओळखत नाही, त्यालाच प्रत्यक्ष जाण्याची गरज अधिक. प्रवास कमीच करायचा असेल, तर तो त्यांनी कमी करावा ज्यांचे अनेक झाले आहेत.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: पाठविलेली मुले तिकडेच राहतात, मग आपल्याला काय मिळाले? इतिहास या आक्षेपाला सरसकट दुजोरा देत नाही. आंबेडकर परतले, पंजाबराव परतले, सलीम अली नोकरी गेलेली असतानाही येथेच राहिले, आणि परदेशात जन्मून शिकलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज तर आपण होऊन इकडे आल्या. माणसे परततात. परतल्यावर त्यांना जागा मिळते की नाही, हा प्रश्न त्यांना न विचारता संस्थांना विचारायला हवा. सलीम अलींच्या वेळी मुंबईने तो नीट सोडविला नाही. आजही अनुदानित महाविद्यालयांतील रिक्त जागा आणि तासिका तत्त्वावर राबणारे उच्चविद्याविभूषित पाहिले, की तो सुटला आहे असे म्हणवत नाही. जाताना शिदोरी बांधून देणारे घर परतल्यावर दारही उघडे ठेवते. एवढे केले तर आक्षेपाला उत्तर देण्याची वेळच येणार नाही.

परतलेल्याचेही एक देणे असते. त्याने आपल्या महाविद्यालयात, जमल्यास गावाच्या वाचनालयात किंवा बाजार समितीच्या आवारात, पाहिलेले-ऐकलेले मराठीत सांगावे. पतंगाच्या मेंदूविषयी लिस्बन किंवा बर्लिनमध्ये काय बोलले गेले, हे कपाशी पेरणाऱ्याला ऐकण्याचा हक्क आहे. त्याच्या शेतातील अनुभव, म्हणजे कोणत्या वाऱ्यात सापळा रिकामा राहतो, कोणत्या रात्री भरतो, हेही पुढच्या परिषदेत पोहोचण्याचा हक्क ठेवते. हे दुतर्फा येणे-जाणे सुरू झाले, तरच प्रवास-अनुदान हा एका व्यक्तीवरचा खर्च न राहता एका प्रदेशाची गुंतवणूक ठरेल.

दर्यापूर-बनोशावरून मूर्तिजापूर ते अचलपूर धावणारी नॅरोगेजची आगगाडी, लोकांची लाडकी शकुंतला, आता बंद पडली आहे. ब्रिटिश कंपनीने ती बांधली ती मुख्यतः कापूस बाहेर नेण्यासाठी. कापसाच्या वाटखर्चाचा हिशेब शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी काटेकोरपणे मांडला आणि त्यासाठी रूळ टाकले. याच मातीतल्या बुद्धीला जगाच्या सभेपर्यंत नेण्याचा हिशेब मात्र अजूनही ज्याचा त्याने मांडायचा आहे. तो सर्वांनी मिळून मांडावा, कापसाच्या हिशेबाइतक्याच काटेकोरपणे मांडावा, आणि त्यासाठी कोणत्याही बापाचा सातबारा लागू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.